कडाक्याची थंडी, बर्फ आणि घोडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे आकडे साधारण ५०० किलो वजनाच्या, निरोगी, प्रौढ घोड्याचे आहेत. आपला घोडा लहान किंवा मोठा असेल तर वजनाच्या प्रमाणात बदल करा. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये दिलं आहे.

घोड्याला नेमकी किती अंशांना थंडी वाजू लागते?

माणसाच्या अंगावर काटा येतो त्या तापमानाला घोडा बहुधा मजेत असतो. थंडीला सरावलेला, हिवाळी केस पूर्ण आलेला, अंगाने भरलेला आणि कोरडा घोडा उणे १५ अंशांपर्यंत जादा उष्णता तयार न करता तग धरतो. त्याखाली गेलं की अंग गरम ठेवायला त्याला वेगळं इंधन जाळावं लागतं. केस कातरलेल्या, उबदार हवेतून नुकत्याच आणलेल्या किंवा भिजलेल्या घोड्याच्या बाबतीत हीच मर्यादा ५ अंशांच्या आसपास येते. म्हणजे पावसात चिंब झालेल्या घोड्याला ४ अंशांना जे सोसावं लागतं, ते कोरड्या घोड्याला उणे १५ लाही सोसावं लागत नाही.

नव्या थंडीशी जुळवून घ्यायला घोड्याला दोन ते तीन आठवडे लागतात. त्यामुळे मोसमातली पहिली अचानक आलेली लाट ऐन हिवाळ्यातल्या जास्त कडक लाटेपेक्षा त्रासदायक ठरू शकते. हिवाळी केस दिवस लहान होऊ लागले की येतात. मात्र रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असलेल्या तबेल्यात ते विरळ राहतात.

घोडा गारठला आहे हे कसं ओळखायचं?

कान हाताला थंड लागले म्हणून घाबरू नका. शरीर टोकांकडचा रक्तपुरवठा कमी करून आतली ऊब राखतं, त्यामुळे कान थंड लागणारच. कोपराच्या मागे केसांत बोटं खुपसून कातडीवर टेकवा. तिथे ऊब लागली तर ठीक आहे. काळजी करायची ती सततच्या कुडकुडण्याची, शेपूट पोटाशी घट्ट दाबून वाऱ्याकडे पाठ करून एकाच जागी खिळून उभं राहण्याची आणि चारा समोर असून न खाण्याची. थोडा वेळ कुडकुडणं हा उष्णता तयार करायचा नैसर्गिक मार्ग आहे. तासभर आडोशात राहून, पोटात गवत जाऊनही ते थांबलं नाही तर मात्र हात घालायला हवा.

पाठीवर न वितळलेला बर्फ बसलेला दिसला तर ते चांगलं लक्षण आहे. अंगातली ऊब केसांच्या थरातून बाहेर जात नाही, म्हणूनच तो बर्फ तसाच राहिला आहे. तो हाताने हलकेच झटका. घासलात तर केसांच्या मुळाशी जाऊन वितळेल आणि कातडी ओली करेल.

चारा किती वाढवायचा?

हिवाळ्यातल्या देखभालीत हे सगळ्यात मोलाचं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

घोड्याच्या मोठ्या आतड्यात गवतातला तंतू सूक्ष्मजीव आंबवतात आणि त्यातून तासन् तास उष्णता निघते. ही त्याच्या पोटातली शेगडी, आणि तिचं सरपण म्हणजे वाळलेलं गवत. एरवी प्रौढ घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे रोज ७.५ ते १० किलो गवत पुरतं. वर सांगितलेल्या मर्यादेखाली पारा जितके अंश उतरेल, त्या प्रत्येक अंशामागे ऊर्जेची गरज सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते, असं धरून चाला.

उदाहरण घ्या. मर्यादा उणे १५ आणि बाहेर उणे २५. फरक १० अंशांचा, म्हणजे गरज २५ टक्क्यांनी वाढली. काहीही काम न करणाऱ्या घोड्याला दिवसाला सुमारे १६.५ मेगाकॅलरी (एक मेगाकॅलरी म्हणजे हजार किलोकॅलरी) लागतात, त्यात ४ मेगाकॅलरींची भर पडली. बऱ्या प्रतीच्या गवतात किलोमागे साधारण २ मेगाकॅलरी असतात. म्हणजे रोजच्यापेक्षा दोन ते सव्वादोन किलो गवत जास्त द्यायचं. वारा किंवा ओल असेल तर हे गणित अपुरं पडतं. तेव्हा हात सैल सोडा आणि गव्हाण रिकामी राहू देऊ नका.

लाट येणार असं कळलं की आदल्या दिवसापासूनच वाढवायला लागा, कारण आंबवण्याला वेळ लागतो. वाढीव गवत रोजच्याच गंजीतलं असेल तर ते लगेच वाढवता येतं. नव्या प्रकारचं असेल तर मात्र सात ते दहा दिवसांत हळूहळू बदला. रात्रीचा वाटा सगळ्यात मोठा ठेवा, कारण थंडी रात्रीच कडक असते. आणि गवत वजन करून द्या, पेंढ्या मोजून नको. दोन सारख्या दिसणाऱ्या पेंढ्यांच्या वजनात किलो-दीड किलोचा फरक सहज निघतो, आणि असं आठवडाभर चाललं की घोडा का वाळतोय हे कोणालाच उमगत नाही.

दाणा वाढवला तर ऊब जास्त मिळेल ना?

नाही. मका किंवा ओट लहान आतड्यातच पचतात आणि त्या पचनातून गवताइतकी उष्णता निघत नाही. शिवाय एकदम वाढवलेला दाणा न पचता मोठ्या आतड्यात उतरला तर तिथे आम्ल तयार होतं. त्यातून पोटशूळ उठू शकतो आणि खुरांना सूज येऊ शकते. दाण्याचा उपयोग वजन राखायला होतो: ज्या घोड्याला भरपूर गवत खाऊनही वजन टिकवता येत नाही, त्याच्यासाठी. एका वेळी दोन किलोपेक्षा जास्त दाणा नको. त्यापेक्षा वनस्पती तेल सुरक्षित. एक कप तेलातून जवळजवळ २ मेगाकॅलरी मिळतात. पाव कपापासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत तिथवर पोचा.

आठवड्यातून एकदा कोंड्याचं गरम आंबोण द्यावं का?

ही पद्धत जुनी आणि प्रेमाची आहे, पण ती सोडलेली बरी. कोंड्याने पोट साफ होतं हा समज चुकीचा आहे. दुसऱ्या दिवशी लीद सैल दिसते ती बहुधा खुराक अचानक बदलल्यामुळे आतडी बिघडली म्हणून. कोंड्यात फॉस्फरस खूप आणि कॅल्शियम कमी असतं, त्यामुळे वरचेवर दिलं तर हाडांनाही बरं नाही. गरम काही द्यायचंच असेल तर रोजचाच खुराक कोमट पाण्यात भिजवून द्या. तेवढंच जादा पाणी पोटात जातं, आणि खरा फायदा तोच आहे.

हिवाळ्यात घोडा पाणी कमी पितो. ते चालतं का?

चालत नाही. हिवाळ्यातल्या बऱ्याच पोटशूळांची सुरुवात इथेच होते. उन्हाळ्यात हिरव्या चाऱ्यातून त्याला पाणी मिळतं, कारण कुरणातल्या गवतात ६० ते ८० टक्के पाणी असतं. वाळलेल्या गवतात ते १५ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे हिवाळ्यात प्यायच्या पाण्याची गरज उलट वाढते. दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पोटात जायला हवं. ते गेलं नाही तर मोठ्या आतड्यातला चारा कोरडा पडतो आणि आतडं जिथे वळून अरुंद होतं तिथे गोळा होऊन अडकतो.

यावर तीन गोष्टी करा. पहिली, पाणी ७ ते १८ अंशांच्या दरम्यान ठेवा. गोठायला आलेल्या पाण्यापेक्षा कोमट पाणी घोडे स्पष्टपणे जास्त पितात. यात एक मेख आहे: कोमट आणि गार अशी दोन्ही भांडी शेजारी ठेवली तर बरेच घोडे गारच निवडतात आणि एकूण पिणं वाढत नाही. त्यामुळे कोमट पाणी देत असाल तर गार पाण्याचं भांडं उचला. दुसरी गोष्ट मिठाची. रोज २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे साधारण दीड मोठा चमचा साधं मीठ खुराकात घाला. चाटायच्या मिठाच्या विटेवर विसंबू नका, थंडीत घोडे ती फारशी चाटत नाहीत. मीठ वाढवाल तेव्हा पाणी हमखास समोर असलंच पाहिजे. तिसरी, पाणी मोजा. स्वयंचलित पेल्यातून किती गेलं ते कळत नाही, म्हणून कडाक्याच्या दिवसांत बादलीच उपयोगी. आदल्या दिवशीपेक्षा निम्मंच पाणी संपलं असेल तर पोट दुखायची वाट बघू नका.

चरताना बर्फ खातोच की. तेवढ्याने भागणार नाही का?

ताज्या भुसभुशीत बर्फाची दहा बादल्यांची रास वितळली तर जेमतेम एक बादली पाणी होतं. २५ लिटर पाण्यासाठी घोड्याला २५० लिटर बर्फ चघळावा लागेल. तेवढा तो खात नाही. खाल्लाच, तर तो वितळवून अंगाच्या उबेला आणायला जवळजवळ ३ मेगाकॅलरी खर्च होतील, म्हणजे दीड किलो गवताची ऊर्जा नुसती पाणी करण्यात गेली. काही घोडे बर्फावर दिवस काढतात हे खरं, पण वाळलेल्या गवतावर असलेल्या, म्हाताऱ्या किंवा दूध पाजणाऱ्या जनावराला त्याच्या भरवशावर ठेवू नका.

हौदातलं पाणी गोठू नये म्हणून काय करता येईल?

वीज असेल तर हौदात बुडणारा किंवा तरंगणारा हीटर, नाहीतर तळाशी तार असलेली गरम बादली. वायर घोड्याच्या दातांपासून आणि खुरांपासून दूर, नळीतून न्या. जोडणीला गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर आणि नीट अर्थिंग हवंच. घोडा हौदाशी जातो, नाक टेकवतो आणि झटकन मागे सरतो, असं दिसलं तर पहिला संशय पाण्यात उतरलेल्या विजेचा घ्या. हातमोजा घालून तपासलं तर माणसाला काही जाणवत नाही, कारण सौम्य प्रवाह असतो. घोडा मात्र ओल्या नाकाने आणि लोखंडी नालांनी तो पुरा झेलतो. हीटर काढून पाहा. घोडा लगेच प्यायला लागला तर कारण सापडलं.

वीज नसेल तर हौदाला बाहेरून उष्णतारोधक पत्रे लावा, पृष्ठभागाचा बराचसा भाग फळीने झाका आणि तोंड घालण्यापुरती जागा उघडी ठेवा. हौद उन्हात, गडद रंगाचा आणि घोड्यांच्या संख्येच्या मानाने लहान असेल तर पाणी सारखं बदललं जातं आणि उशिरा गोठतं. दिवसातून दोन-तीनदा बर्फ फोडावा लागेल. फोडलेले तुकडे झाऱ्याने बाहेर काढा, नाहीतर अर्ध्या तासात पुन्हा एकसंध होतात. पाणी भरून झालं की रबरी नळी उतारावर टाकून पूर्ण रिकामी करा आणि आत आणून ठेवा.

पोटशूळाची कोणती लक्षणं दिसताच डॉक्टरांना बोलवावं?

लीद नेहमीपेक्षा कमी, लहान, कोरडी आणि चिकट आवरण असलेली. निरोगी घोडा दिवसातून ८ ते १२ वेळा लीद टाकतो, म्हणून रोज सकाळी ढीग मोजायची सवय लावा. त्यानंतरची लक्षणं: चाऱ्याकडे पाठ, वरचा ओठ मुडपणं, कुशीकडे वळून बघणं, पुढच्या पायाने जमीन उकरणं, आडवं होऊन लोळणं. हिरडी बोटाने दाबून सोडा. फिकट झालेला रंग दोन सेकंदांत परत यायला हवा आणि हिरडी ओली, बुळबुळीत लागायला हवी. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ती साठच्या वर गेली असेल तर एक मिनिटही घालवू नका. डॉक्टर येईपर्यंत चारा काढून घ्या आणि शांतपणे चालवा. नळीने किंवा बाटलीने घशात काही ओतू नका. ते फुप्फुसात गेलं तर नवं संकट उभं राहील.

झूल घालावी की नाही?

सरसकट नाही. केस भरपूर, अंग भरलेलं, आडोसा हाताशी आणि गवत मुबलक, अशा घोड्याला झुलेची गरज नसते. झूल लागते ती केस कातरलेल्याला, खूप म्हाताऱ्याला, आजाऱ्याला, बरगड्या वर आलेल्याला, गरम प्रदेशातून नुकत्याच आलेल्याला, आणि जिथे थंडीत पाऊस किंवा ओला बर्फ पडतो पण आडोसा नाही अशा ठिकाणी.

घोड्याचे केस थंडीत उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये हवेचा थर अडकतो. तीच त्याची दुलई. पातळ, आत भरण नसलेली झूल टाकली की केस चपटे होतात, हवेचा थर जातो आणि बदल्यात ऊब मिळत नाही. वाऱ्याच्या कोरड्या थंडीत अशी झूल घातलेला घोडा उघड्या घोड्यापेक्षा जास्त गारठू शकतो. म्हणून घालायची तर पुरेशी जाड, जलरोधक आणि आतली वाफ बाहेर सोडणारी घाला, नाहीतर घालू नका.

जाडी भरणाच्या ग्रॅममध्ये मोजतात. १०० ते १५० हलकी, २०० ते २५० मध्यम, ३०० ते ४०० जड. केस कातरलेल्या घोड्याला ५ अंशांना मध्यम आणि उणे ५ च्या खाली जड झूल लागते. पूर्ण केस असलेल्या म्हाताऱ्याला एक पायरी कमी. बाहेर मोकळा सोडणार असाल तर वरचं कापड ६०० डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) तरी हवं. एकमेकांच्या झुला ओढणारी जोडी असेल तर १२०० घ्या.

माप छातीच्या मध्यापासून पुठ्ठ्याच्या मागच्या कडेपर्यंत. लहान झूल खांद्यावर केस घासून काढते. मोठी झूल बाजूला फिरते आणि पाय अडकतो.

आणि रोज काढून बघा, ही अट टाळू नका. झुलेखाली आणि लांब केसांखाली घोडा महिनाभरात कधी वाळला ते दिसत नाही, बरगड्यांवरून सपाट हात फिरवल्यावरच कळतं. पट्ट्याखाली घासलेलं, ओलसर किंवा खवले धरलेलं काही आहे का तेही पाहा. झुलेत हात घातल्यावर कातडी घामट लागली तर ती जास्त जड आहे. दुपारी ऊन पडून पारा दहा अंशांनी चढणार असेल तर सकाळी घातलेली जड झूल दुपारी काढावीच लागेल. ते जमणार नसेल तर हलकी घाला. ओल्या अंगावर जलरोधक झूल कधीही टाकू नका.

थंडी आत येऊ नये म्हणून तबेल्याची दारं-खिडक्या बंद करून घ्यावीत का?

ही अगदी जिव्हाळ्याने केली जाणारी चूक आहे. बंद तबेल्यात लघवीतून सुटणारा अमोनिया, गवताची धूळ, बुरशी आणि श्वासातली वाफ साचते, आणि घोड्याची फुप्फुसं हिवाळाभर त्यात बुडून राहतात. खोकला, नाकातून पांढरा स्राव, श्वास सोडताना पोटाचा झटका, असा दमा कायमचा मागे लागू शकतो. छतातून थेंब पडत असतील किंवा तुळयांवर दव गोठलं असेल तर हवा खेळत नाही असं समजा. डोळ्यांना चुरचुरेपर्यंत थांबू नका. खाली बसून गुडघ्याच्या उंचीवर वास घ्या. झोपलेला घोडा आणि शिंगरू तिथलीच हवा घेतात.

थेट झोत घोड्याच्या अंगावर येऊ देऊ नका, पण वरच्या बाजूने, छताच्या कडेला आणि माथ्याला हवा बाहेर पडायला वाट ठेवा. तबेला बाहेरच्यापेक्षा तीन ते पाच अंशांनीच उबदार असला तरी पुरे. जमिनीवर १५ ते २० सेंटिमीटर कोरडा पेंढा किंवा लाकडाचा भुसा टाका आणि ओला भाग रोज काढा. शेकोटी, उघडी शेगडी आणि गवतावर टांगलेला गरम दिवा तबेल्यात नकोच. आग लागली तर बांधलेल्या घोड्यांना वाचवायला वेळ मिळत नाही.

उघड्यावर राहणाऱ्या घोड्यांना केवढा आडोसा लागतो?

तीन भिंती आणि एक छप्पर, पाठ नेहमीच्या वाऱ्याकडे. दोन घोड्यांना साधारण २२ चौरस मीटर, पुढच्या प्रत्येकाला आणखी साडेपाच ते सहा. उघडी बाजू रुंद हवी. अरुंद दारात एक दांडगा घोडा उभा राहिला की बाकीचे रात्रभर बाहेर भिजतात. आडोसा बांधूनही घोडे त्यात जात नाहीत अशी तक्रार असेल तर आधी कळपातली भांडणं बघा, मग आतली ओल.

खुरात बर्फाचे गोळे होतात, त्याला काय करावं?

तळव्याच्या उबेने बर्फ किंचित वितळतो आणि गार लोखंडी नालेला चिकटून पुन्हा गोठतो. थरावर थर चढून उंच टाचेसारखा गोळा होतो. त्यावर चालताना सांधा मुरगळतो, शिरा ताणतात, घोडा पडतो. नाल नसलेल्या खुरात हे बरंच कमी होतं. म्हणून हिवाळ्यात काम नसेल तर नाल काढून ठेवणं सगळ्यात सोपं. काम असेल तर नालबंदाकडून नालेखाली फुगीर हिमगादी बसवून घ्या. प्रत्येक पावलाला ती दबते आणि बर्फ बाहेर फेकते. निसरड्यासाठी नालेला टंगस्टन कार्बाइडची टोकं लावता येतात, पण असे घोडे इतरांबरोबर मोकळे सोडू नका, लाथेची जखम खोल होते. तळव्याला पेट्रोलियम जेली फासण्याचा उपाय तासाभरापुरताच.

गोळा काढताना खुराच्या आकडीने मधून खणत बसू नका. हातोडीने बाजूने हलकेच ठोका, सुटून येतो. खूर थंडीत हळू वाढतात, तरी सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवत राहा.

अंगणात काचेसारखा बर्फ झालाय. मीठ टाकावं का?

वाळू, बारीक खडी किंवा लाकडाची राख टाका. मीठ उणे ९-१० अंशांच्या खाली फारसं काम करत नाही, आणि त्याचं खारं पाणी खुरांना आणि घोट्यावरच्या कातडीला चुरचुरतं. पेंढा तर अजिबात नको, त्यावरून पाय सर्रकन घसरतो. हाताशी काहीच नसेल तर ताजी लीद पसरा. ती बर्फात गोठून खडबडीत पकड देते. मागचे पाय फाकून पडलेल्या घोड्याच्या मांडीचे स्नायू फाटतात, कमरेचं हाड मोडतं. म्हणून हौद, गव्हाण आणि फाटक यांच्यामधली वाट सगळ्यात आधी मोकळी करा.

थंडी वाढली की माझा घोडा लंगडतो, पण खूर गरम लागत नाहीत. हे काय?

ज्या घोड्यांना इन्सुलिनचा त्रास आहे, मानेवर चरबीचा जाड पट्टा आहे किंवा आधी लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थराचा दाह) होऊन गेला आहे, त्यांच्यात हे दिसतं. नेहमीच्या लॅमिनायटिससारखी नाडी ठणकत नाही, म्हणून तो ओळखायचा राहून जातो. डॉक्टरांना दाखवा. तोवर खुरांना आतून मोजे आणि बाहेरून जाड तळव्याचे बूट घाला, पाय गुंडाळा, साखर कमी असलेलं गवत द्या. निरोगी घोडा गोठलेल्या उंचसखल चिखलावर लंगडत असेल तर कारण बहुधा तळव्याला लागलेला मुका मार असतं.

या थंडीत स्वारी करावी का?

जमीन घट्ट आणि पकड देणारी असेल तर जरूर, मात्र घाई नको. सुरुवातीची १५ ते २० मिनिटं चालणं. लगामाची लोखंडी कडी तोंडात घालण्याआधी हातात किंवा कोटाच्या खिशात गरम करा. गोठलेलं लोखंड जिभेला चिकटून कातडी सोलतं. उणे १० च्या खाली दौड टाळा. जोरात धावताना थंड, कोरडी हवा न तापता थेट खोल श्वासनलिकांत जाते आणि त्यांचा दाह होतो.

परतल्यावर घाम वाळवणं हे अर्धं काम. लोकरीची किंवा फ्लीसची झूल टाका, ओली झाली की दुसरी टाका. मध्ये गवताच्या बोळ्याने केस उलट्या दिशेने चोळा. कातडीपर्यंत कोरडा झाल्याशिवाय बाहेर सोडू नका. रोज घाम निघणारं काम असेल तर मान आणि पोटाखालचे केस कातरून पाठीचे ठेवणं सोयीचं पडतं.

म्हातारे घोडे, शिंगरं आणि गाढवं यांच्यासाठी वेगळं काही?

म्हाताऱ्याचे दात हिवाळ्याआधी तपासून घ्या. चघळून थुंकलेले गवताचे बोळे गव्हाणीखाली दिसले तर त्याला लांब गवत पोटात नेता येत नाहीये, मग समोर कितीही ठेवा. त्याला बीटचा चोथा किंवा गवताच्या वड्या तिप्पट कोमट पाण्यात भिजवून द्या, आणि उरलेलं गोठायच्या आत उचला.

नवजात शिंगराला २० अंशांच्या आसपासच थंडी वाजू लागते. जन्मताच खरखरीत कापडाने पुसून कोरडं करा, कोरड्या खोल पेंढ्यात ठेवा, आणि पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे.

गाढवांचे केस हिवाळ्यात घोड्यांसारखे दाट होत नाहीत आणि पाणीही अडवत नाहीत. त्यांना आडोसा लागतोच.

घोडा खूपच गारठला असेल तर लगेच काय करायचं?

गुदद्वारातून तापमान घ्या. ३७.५ ते ३८.५ हे ठीक. ३७ च्या खाली गेलं तर कामाला लागा, ३५ च्या खाली तातडीचा प्रसंग. कुडकुडणं थांबलं, घोडा सुस्त झाला, अडखळू लागला, तर तो बरा होतोय असं समजू नका. शरीराने हार मानायला सुरुवात केल्याचं ते चिन्ह आहे. वाऱ्यातून आत आणा, टॉवेलांनी कोरडा करा, आधी लोकरीची आणि वर जाड झूल घाला, कोमट पाणी आणि गवत द्या. पळवून गरम करायचा प्रयत्न करू नका. कान किंवा कातडी पांढुरकी, ताठ झाली असेल तर तो हिमदंश. चोळू नका, बर्फ तर मुळीच नका लावू. ३८ ते ४० अंशांच्या पाण्याने शेका, पण पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच. शांत करायचं इंजेक्शन दिलेल्या घोड्याचं शिश्न बाहेर लोंबत राहू शकतं, आणि त्यालाही हिमदंश होऊ शकतो. तो पूर्ण सावध होऊन ते आत घेईपर्यंत त्याला उघड्यावर नेऊ नका.

वादळाची सूचना मिळाली आहे. आधी काय करून ठेवू?

प्रत्येक घोड्यामागे तीन दिवसांचं पाणी, म्हणजे १०० ते १२० लिटर, झाकणाच्या पिंपांत. दोन आठवड्यांचं गवत, रोज १२ किलो धरून १७० किलो, तबेल्याला लागून. औषधं आणि जंतनाशकाची नळी घरात आणा. इंजेक्शनं एकदा गोठली की टाकूनच द्यावी लागतात. जनरेटर तबेल्याच्या बाहेर, धूर आत येणार नाही अशा बाजूला. घरापासून तबेल्यापर्यंत दोरी ताणून बांधा, हिमवादळात दहा पावलांवरचंही दिसत नाही.

कुंपणाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. गोठलेली जमीन आणि कोरडा बर्फ वीज वाहून नेत नाहीत, त्यामुळे विजेच्या कुंपणाचा झटका बसेनासा होतो. एक तार विजेची आणि तिच्या शेजारची परतीची, अशी जोडणी केली तर जमीन मध्ये येत नाही. खालची तार ओल्या बर्फात गाडली गेली असेल तर तिची जोडणी वेगळी काढा, नाहीतर सगळी वीज तिथेच जिरते. कुंपणाला लागून बर्फाचा ढीग साचला की घोडा त्यावरून सहज पलीकडे चालत जातो. तो ढीग फोडत राहा. तळं किंवा ओढा आवारात असेल तर वादळाआधीच दोरीने वेगळा काढा, गोठलेल्या पाण्यावर घोडा न घाबरता पाऊल टाकतो.

बर्फ वितळायला लागला, आता झूल आणि वाढीव चारा लगेच बंद करू का?

चारा एकदम नको, आठवडाभरात हळूहळू खाली आणा. वितळण्याचे दिवस ओले असतात, आणि २ अंशांच्या पावसात घोडा ऐन कडाक्यापेक्षा जास्त गारठतो. याच दिवसांत घोट्याच्या मागच्या खळीत खवले धरतात आणि पाठीवर केसांच्या गुच्छांसकट खपल्या सुटतात. चिखल रोज धुऊ नका, वाळू द्या आणि ब्रशने काढा. खपल्या जबरदस्तीने उपटू नका. जंतुनाशक साबणाने भिजवून सोडवा आणि नंतर टॉवेलने पूर्ण कोरडं करा. पाय सुजला किंवा हात लावू देत नसेल तर डॉक्टरांना दाखवा.